मार्टिन डिलेनी: डॉक्टर, संपादक, मेजर आणि न जमलेला राजकारणी. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे मार्टिन डिलेनी कोण?

मार्टिन रॉबिसन डिलेनी (१८१२–१८८५) हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय डॉक्टर, वर्तमानपत्राचे संपादक, लेखक, सैन्यातले मेजर आणि नंतर साउथ कॅरोलायनातले राजकीय पुढारी. एकाच माणसाने इतकी कामं केली की त्याचं नाव घेताना आधी कुठली ओळख सांगायची, असा पेच पडतो. अमेरिकी शाळांतल्या पुस्तकांत फ्रेडरिक डग्लस, म्हणजे गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध बोलणारे-लिहिणारे मोठे पुढारी, हमखास भेटतात. डिलेनी त्यांचेच एकेकाळचे सहसंपादक, पण ते मागे पडले. त्यांचे विचार कुठल्याच एका गोटात बसत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. गुलामगिरीविरोधी गोऱ्या मंडळींना ते फार ताठ वाटत, आणि स्वतःच्या समाजातल्या अनेकांना शेवटी शेवटी ते फितूर वाटले.

त्यांचा जन्म गुलामीत झाला होता का?

नाही. ६ मे १८१२ रोजी व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउन इथे (हे गाव आज वेस्ट व्हर्जिनियात येतं) ते जन्मले तेव्हा वडील सॅम्युअल गुलाम होते आणि आई पती स्वतंत्र होती. मूल आईच्या दर्जाचं, असा व्हर्जिनियाचा कायदा. गुलाम स्त्रीची मुलं आपोआप मालकाची व्हावीत यासाठी केलेला हा कायदा इथे उलटा कामाला आला आणि मार्टिन जन्मतःच स्वतंत्र ठरले.

कागदावर स्वतंत्र असणं आणि तसं जगता येणं यांत मात्र अंतर होतं. मुलं लहान असताना या कुटुंबाला गुलामीत ओढण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा पतीबाई धाकट्या दोघा लेकरांना घेऊन जवळपास २० मैल चालत विंचेस्टरच्या कोर्टात गेल्या आणि आपलं स्वातंत्र्य सिद्ध करून आल्या. शिवणकाम करून पोट भरणारी ही बाई. लेकाच्या पुढच्या आयुष्यातला सगळा हट्ट कुठून आला, हे शोधायला फार लांब जायला नको.

मग शिक्षण कसं झालं?

चोरून. कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी एकत्र जमणं व्हर्जिनियात बेकायदेशीर होतं. गावात आलेल्या एका फेरीवाल्याकडून घरात अंकलिपी आली आणि पतीबाईंनी त्यावर सगळ्या मुलांना वाचायला शिकवलं. ही गोष्ट बाहेर फुटली तेव्हा कोर्टकचेरी टाळण्यासाठी १८२२ मध्ये आई मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या चेंबर्सबर्गला निघून गेली. वडिलांनी पुढच्या वर्षी पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली आणि तेही तिकडे आले.

१८३१ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, डिलेनी चेंबर्सबर्गहून पिट्सबर्गला निघाले. अंतर सुमारे १६० मैल, मध्ये अ‍ॅलेगनीचे डोंगर, आणि प्रवास बहुतेक पायी. तिथे ल्युइस वुडसन या पाद्र्यांनी चालवलेल्या चर्चच्या शाळेत ते शिकले. जगण्यासाठी हाताला लागेल ते काम केलं.

ते खरे डॉक्टर होते का? पदवी नव्हती असं वाचलं.

पदवी नव्हती, हे खरं. ते डॉक्टर नव्हते, हे मात्र खरं नाही.

त्या काळी अमेरिकेत वैद्यकीचा रस्ता बहुधा उमेदवारीतून जाई. एखाद्या जुन्या डॉक्टरच्या हाताखाली तीनेक वर्षं काढायची, त्यांची पुस्तकं वाचायची, रोग्यांच्या घरी त्यांच्यामागून पिशवी घेऊन जायचं. पैसे असतील तर मेडिकल कॉलेजात हिवाळ्याची दोन सत्रं व्याख्यानं ऐकायची. दुसऱ्या सत्रात बहुतेक तीच व्याख्यानं पुन्हा असत. पदवी न घेता दवाखाना चालवणारे गोरे डॉक्टरही गल्लोगल्ली होते आणि त्यांना कोणी हटकत नसे.

डिलेनींनी पिट्सबर्गमध्ये डॉ. अँड्र्यू मॅकडॉवेल यांच्याकडे उमेदवारी केली. त्यानंतर डॉ. गझम आणि डॉ. लेमॉइन यांच्याकडेही शिकले. तिघेही गोरे, तिघेही गुलामगिरीविरोधी. १८३६ च्या सुमारास त्यांनी तुंबड्या आणि जळवा लावण्याचा स्वतंत्र धंदा सुरू केला. आज वाचताना हे जडीबुटीवाल्याचं काम वाटेल, पण रक्त काढणं हा तेव्हाच्या मान्यताप्राप्त वैद्यकीचा कणाच होता. ताप असो, डोकेदुखी असो, फुप्फुसाची सूज असो, आधी रक्त काढायचं. डॉक्टर चिठ्ठी लिहून देत आणि रोगी तुंबडीवाल्याकडे येई. या कामात डिलेनींचा हात चांगला होता, आणि पुढची कितीतरी वर्षं घर चाललं ते याच कमाईवर.

खरी परीक्षा १८५४ मध्ये झाली. पिट्सबर्गमध्ये कॉलऱ्याची साथ आली, शहरातले बरेच डॉक्टर गाव सोडून गेले. जे मागे राहून रोग्यांच्या उशाशी बसले त्यांत डिलेनी होते. कॉलरा पाण्यातून पसरतो हे तेव्हा डॉक्टरांना मान्य नव्हतं, त्यामुळे आपण कशाशी झुंजतोय हे मागे राहिलेल्यांनाही कळत नव्हतं.

हार्वर्डमध्ये नेमकं काय घडलं?

त्याआधी काय घडलं, ते बघू. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया, फिलाडेल्फियाचं जेफरसन मेडिकल कॉलेज आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी व जिनीव्हा इथली कॉलेजं, सगळीकडून नकार आला होता. मग पिट्सबर्गच्या डॉक्टरांची शिफारसपत्रं घेऊन ते बॉस्टनला गेले. १८५० च्या नोव्हेंबरात हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने त्यांना घेतलं. त्यांच्याबरोबर डॅनियल लेंग आणि आयझॅक स्नोडन हे आणखी दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. डिलेनी तेव्हा अडतीस वर्षांचे, लग्न झालेले, पोराबाळांचे बाप होते. वर्गातली पोरं त्यांच्या निम्म्या वयाची होती.

डिसेंबरात गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ठराव केला की या लोकांबरोबर एका बाकावर बसणं आम्हाला मान्य नाही, यामुळे आमच्या पदवीची किंमत उतरेल. दुसऱ्या गटाने उलटा अर्ज दिला, की शिकू पाहणाऱ्याला दार बंद करणं आम्हाला पटत नाही. हा दुसरा अर्ज गोष्टीतून बहुतेक वेळा गळतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

डीन होते ऑलिव्हर वेंडेल होम्स. बाळंतरोग डॉक्टरांच्या हातांनी एका बाईकडून दुसरीकडे जातो, असं १८४३ मध्येच ठणकावून सांगणारे हेच. विद्येच्या बाबतीत खमके असलेले हे गृहस्थ इथे मात्र नमले. तिघांनी हे सत्र पूर्ण करावं, पुढच्या सत्राला येऊ नये, असा निर्णय झाला. मार्च १८५१ मध्ये सत्र संपलं आणि डिलेनी पिट्सबर्गला परतले. अर्धी व्याख्यानं गाठीला, पदवी नाही.

त्याच हिवाळ्यात हॅरिएट केझाया हंट या बॉस्टनमध्ये अनेक वर्षं वैद्यकी करणाऱ्या बाईंनाही व्याख्यानांना बसायची परवानगी मिळाली होती. विद्यार्थ्यांनी त्यांच्याविरुद्धही गलका केला आणि त्यांनी स्वतःहून अर्ज मागे घेतला.

एक गोम राहिली. लेंग आणि स्नोडन यांना पाठवलं होतं अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीने, म्हणजे स्वतंत्र कृष्णवर्णीयांना लायबेरियात पाठवून अमेरिका ‘मोकळी’ करू पाहणाऱ्या संस्थेने. दोघांनी शिकून तिकडेच जायचं होतं. डिलेनींना इथेच राहून, पिट्सबर्गमध्येच दवाखाना चालवायचा होता. कॉलेजने दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजलं. लेंग यांनी पुढे डार्टमथमधून पदवी मिळवली. डिलेनींनी पुन्हा कुठल्याही मेडिकल कॉलेजचा उंबरा ओलांडला नाही.

त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं ना?

होतं. १८४३ मध्ये पिट्सबर्गला त्यांनी ‘द मिस्टरी’ हे साप्ताहिक काढलं. शहरातले गोरे संपादक कृष्णवर्णीयांची पत्रं छापत नसत, छापली तर जाहिरातीचा दर लावत. म्हणून स्वतःचंच पत्र काढलं. संपादक, बातमीदार, वर्गणी गोळा करणारा, सगळं डिलेनीच. १८४५ च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गचा मोठा भाग आगीत खाक झाला तेव्हा त्यांनी दिलेल्या वृत्तान्ताचं बरंच नाव झालं.

पत्रावर अब्रुनुकसानीचा खटलाही झाला. पळून आलेल्या गुलामांना पकडणाऱ्या टोळ्यांना शहरातला एक कृष्णवर्णीय माणूस मदत करतो, असं डिलेनींनी नाव घेऊन छापलं. कोर्टाने त्यांना दंड केला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या शहरातल्या पत्रकारांनी तेव्हा त्यांची बाजू घेतली.

पैशाची ओढाताण कायमची. १८४८ मध्ये पत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे गेलं, त्याचं नाव ‘ख्रिश्चन हेरल्ड’ झालं, आणि फिलाडेल्फियाला हलल्यावर ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’. कृष्णवर्णीयांच्या सर्वांत दीर्घायुषी पत्रांपैकी ते एक. त्याची नाळ पिट्सबर्गमधल्या तुंबडीवाल्या डॉक्टरच्या या साप्ताहिकाशी जुळलेली आहे.

फ्रेडरिक डग्लस यांच्याशी त्यांचं भांडण झालं होतं का?

आधी गट्टी होती. १८४७ च्या उन्हाळ्यात डग्लस पिट्सबर्गला आले, आणि ३ डिसेंबर १८४७ रोजी रॉचेस्टरहून ‘द नॉर्थ स्टार’चा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून दोघांची नावं होती. वार्षिक वर्गणी दोन डॉलर. रॉचेस्टरच्या कचेरीत डग्लस बसत. डिलेनींच्या वाट्याला आली फिरती. ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया पालथे घालायचे, सभा घ्यायच्या, वर्गणीदार गोळा करायचे आणि वाटेतून लांबलचक पत्रं लिहून पाठवायची. १८४८ मध्ये ओहायोतल्या एका खेड्यात जमावाने त्यांच्या मुक्कामाला वेढा घातला, डांबर फासायची आणि जाळायची भाषा झाली, आणि रात्रभर जागून ते व त्यांचे सोबती कसेबसे वाचले. त्याचंही त्यांनी पत्र लिहिलं. कुठल्या गावात कोणता न्हावी दुकान थाटून आहे, कोणाची शेती किती, शाळा आहे की नाही, हे सगळं त्या पत्रांत येतं. माझ्या मते डिलेनींचं सर्वांत वाचनीय लेखन हेच, कारण त्यात उपदेश कमी आणि माणसं जास्त आहेत.

१८४९ मध्ये ते ‘द नॉर्थ स्टार’मधून बाहेर पडले. कारण अर्धं पैशाचं, अर्धं मताचं. डग्लस यांचा गोऱ्या मित्रांच्या मदतीवर विश्वास होता. डिलेनींचं म्हणणं असं, की जो समाज स्वतःच्या सुटकेचा आराखडाही दुसऱ्याकडून मागतो त्याला कोणी बरोबरीचा मानणार नाही. १८५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळेच्या योजनेसाठी डग्लस यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीच्या गोऱ्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांचा सल्ला घेतला. डिलेनींनी जाहीर पत्र लिहून विचारलं, आमच्याबद्दल बाईंना काय माहीत आहे? आमच्यातल्या जाणत्या माणसांना का विचारलं नाही? डग्लस यांनी ते पत्र आपल्याच वर्तमानपत्रात छापलं आणि तिथेच उत्तरही दिलं. भांडणाचीही रीत असते, ती दोघांनी पाळली.

डग्लस यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: देवाने मला माणूस केलं म्हणून मी त्याचे आभार मानतो, डिलेनी मात्र आपल्याला काळा माणूस केलं म्हणून आभार मानतात. यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

ते देश सोडून जा म्हणत होते. गोरे लोकही तेच म्हणत होते. मग फरक काय?

हा प्रश्न त्यांना हयातीतही पुष्कळदा ऐकावा लागला.

१८५० मध्ये पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा झाला. त्यानुसार उत्तरेतल्या स्वतंत्र राज्यातूनही कोणालाही ‘हा माझा गुलाम’ म्हणून उचलता येई. पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याचा हक्क नाही. डिलेनींनी भर सभेत सांगितलं की माझ्या घराचा उंबरा ओलांडून कोणी गुलाम शोधायला आला, मग तो राष्ट्राध्यक्ष का असेना, तर तो जिवंत परत जाणार नाही. पेनसिल्व्हेनियाने तर १८३८ मध्येच नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीय पुरुषांचा मताचा हक्क काढून घेतला होता. त्यात हार्वर्डची भर पडली.

१८५२ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती, उन्नती, स्थलांतर आणि भवितव्य यांवर एक पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढलं. रशियात पोलिश, ऑस्ट्रियात हंगेरियन, तसे आपण राष्ट्राच्या आतलं एक राष्ट्र आहोत, असं त्यात त्यांनी मांडलं. अशा राष्ट्राने स्वतःचं भवितव्य स्वतः ठरवावं, आणि इथे ते शक्य नसेल तर मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका, वेस्ट इंडीज अशा ठिकाणी जावं. १८५४ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडला त्यांनी याच विषयावर परिषद भरवली.

कॉलनायझेशन सोसायटीशी फरक इथेच. तिथे गोरे ठरवणार, गोरे पाठवणार, आणि मागे राहिलेल्या गुलामांच्या बेड्या आणखी घट्ट होणार. डिलेनींच्या योजनेत ठरवणारा, जाणारा आणि राज्य करणारा, तिन्ही कृष्णवर्णीय. फरक मोठा आहे. पण गोऱ्या वर्तमानपत्रांना तो दिसायची गरज वाटली नाही. बघा, हेच म्हणतात आम्हाला जायचंय, एवढंच त्यांनी उचललं.

आफ्रिकेत ते गेले होते का?

गेले. १८५६ पासून ते कॅनडातल्या चॅटम गावी राहून दवाखाना चालवत होते. १८५९ च्या मे महिन्यात ‘मेंडी’ जहाजाने लायबेरियाला निघाले. ज्या लायबेरियाची पूर्वी यथेच्छ टिंगल केली होती, तिथे त्यांचं वाजतगाजत स्वागत झालं. मग जमैकाचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट कॅम्पबेल यांच्याबरोबर ते आजच्या नायजेरियात अबेओकुटा इथे पोहोचले. २७ डिसेंबर १८५९ रोजी तिथले अलाके म्हणजे एग्बांचे राजे आणि त्यांचे सरदार यांच्याशी करार झाला. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी रिकाम्या जमिनीवर वसावं, सोबत शेती आणि कारागिरीचं ज्ञान आणावं, कायदे एग्बांचे पाळावेत, असं त्यात होतं. मनातला डाव असा, की इथे मोकळ्या मजुरांकडून कापूस पिकवायचा, तो इंग्लंडच्या गिरण्यांना विकायचा आणि दक्षिणेतल्या गुलाममालकांच्या कापसाचा भाव पाडायचा.

कल्पना म्हणून हे आजही झकास वाटतं. पण इंग्रज मिशनरींनी विरोध केला, राजेसाहेबांनी कानांवर हात ठेवले, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर वसाहतीला जाणारं कोणी उरलं नाही.

लंडनच्या परिषदेत त्यांच्यामुळे गोंधळ झाला, तो किस्सा काय?

१६ जुलै १८६०. आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेचं उद्घाटन, अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट. आफ्रिकेहून आलेले डिलेनी निमंत्रित म्हणून सभेत बसले होते. म्हातारे लॉर्ड ब्रूम, जुने गुलामगिरीविरोधक, उठले आणि अमेरिकेचे राजदूत डॅलस यांच्याकडे बघून म्हणाले, सभेत एक निग्रो गृहस्थ आहेत, याची राजदूतांनी नोंद घ्यावी.

डॅलस गप्प बसून राहिले. डिलेनी उभे राहिले, राजपुत्रांची परवानगी घेतली, लॉर्डसाहेबांचे आभार मानले आणि मी एक माणूस आहे, एवढंच ठणकावून सांगितलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. अमेरिकेचे प्रतिनिधी ऑगस्टस लाँगस्ट्रीट, साउथ कॅरोलायना कॉलेजचे अध्यक्ष, तडक उठून निघून गेले. अमेरिकी वर्तमानपत्रांना कितीतरी दिवस पुरेल एवढं खाद्य मिळालं. आपलं कौतुक होतंय की आपल्याला नमुना म्हणून दाखवतायत, असा प्रश्न डिलेनींना पडला असेल, तर त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

जॉन ब्राउनच्या कटात ते सामील होते का?

ब्राउन म्हणजे शस्त्रं उचलून गुलामगिरी मोडू पाहणारा गोरा माणूस. १८५८ च्या मेमध्ये चॅटमला त्याने जी गुप्त परिषद घेतली, तिची जुळवाजुळव करण्यात डिलेनींचा हात होता आणि ते हजरही होते. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला झाला ऑक्टोबर १८५९ मध्ये, तेव्हा ते आफ्रिकेत होते. ब्राउनला फाशी दिलं ते चार्ल्स टाउनमध्ये, म्हणजे डिलेनींच्याच जन्मगावी.

त्यांनी कादंबरीही लिहिली म्हणे?

हो, ‘ब्लेक’. दक्षिणेत आणि क्यूबात गुलामांच्या उठावाची गुप्त आखणी करत फिरणाऱ्या नायकाची गोष्ट. १८५९ मध्ये आणि नंतर १८६१–६२ मध्ये ती नियतकालिकांतून क्रमशः आली. पुस्तकरूपात यायला १९७० साल उजाडावं लागलं. कथानक अधूनमधून भाषणबाजीत अडकतं, तरी त्या काळी असा नायक उभा करायला छाती लागत होती.

लिंकनला भेटून ते मेजर कसे झाले?

युद्धात त्यांनी आधी कृष्णवर्णीयांच्या पलटणींसाठी भरती केली. थोरला मुलगा गाजलेल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत गेला. ८ फेब्रुवारी १८६५ रोजी डिलेनी राष्ट्राध्यक्षांना भेटले. प्रस्ताव असा: कृष्णवर्णीय सैनिकांची फौज, तिचे अधिकारीही कृष्णवर्णीय, आणि तिने दक्षिणेच्या आत घुसून गुलामांना सोबत घेत पुढे जायचं. लिंकननी युद्धमंत्री स्टँटन यांच्या नावे चिठ्ठी दिली, की या अत्यंत असाधारण आणि बुद्धिमान काळ्या माणसाची भेट घेतल्याशिवाय राहू नका. महिना संपायच्या आत मेजरची सनद हातात पडली. लढाऊ पलटणीत एवढ्या हुद्द्याचा कृष्णवर्णीय अधिकारी अमेरिकी सैन्यात त्याआधी झाला नव्हता. वय बावन्न.

फौज उभी राहीपर्यंत युद्धच संपत आलं. १४ एप्रिल १८६५ ला चार्ल्स्टनच्या फोर्ट सम्टरवर पुन्हा झेंडा चढला तेव्हा डिलेनी तिथे होते. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये लिंकनना गोळी लागली, आणि त्याच रात्री ओहायोत विल्बरफोर्स विद्यापीठाची मुख्य इमारत जळाली. डिलेनींनी आफ्रिकेतून आणलेल्या वस्तू आणि कागदपत्रं तिथेच ठेवलेली होती. सगळं गेलं.

युद्धानंतर राजकारणात त्यांनी काय केलं?

आधी तीन वर्षं साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर फ्रीडमन्स ब्युरोत, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या सरकारी खात्यात. मुक्त झालेले गुलाम आणि जमीनदार यांच्यातले मजुरीचे करार बघणं, कापसाचा योग्य भाव मिळवून देणं, हे काम. १८६५ च्या जुलैत सेंट हेलेना बेटावर त्यांनी जमलेल्यांना सांगितलं की तुमच्या घामाशिवाय हे जमीनदार कफल्लक आहेत, तेव्हा स्वतःची किंमत ओळखा, जमीन घ्या. ऐकायला पाठवलेल्या लष्करी अधिकाऱ्याने घाबरून वर अहवाल धाडला, की हे मेजर आग लावतायत.

पुढे ते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात वावरले, पण पदं मिळाली ती कमी आणि उशिरा. पक्षातल्या भ्रष्टाचारावर ते उघड बोलत. उत्तरेतून आलेले गोरे पुढारी आमच्या मतांवर खुर्च्या मिळवतात, ही त्यांची तक्रार. साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, त्यामुळे तक्रारीत दम होता. १८७४ मध्ये ते फुटीर गटातर्फे उपराज्यपालपदाला उभे राहिले आणि रिचर्ड ग्लीव्ह्झ या दुसऱ्या कृष्णवर्णीय उमेदवाराकडून हरले. नंतर चार्ल्स्टनमध्ये ट्रायल जस्टिस, म्हणजे खालच्या कोर्टाचे न्यायाधीश झाले. पैशाच्या गैरव्यवहाराचा खटला झाला, दोषी ठरले, राज्यपालांनी माफी दिली, पण पद गेलं.

१८७६ मध्ये त्यांनी खरंच जुन्या गुलाममालकांच्या पक्षाला पाठिंबा दिला?

दिला, आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

राज्यपालपदाला डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते वेड हॅम्प्टन. एके काळी शेकडो गुलामांचे मालक, युद्धात बंडखोर दक्षिणेचे सेनानी. त्यांचे लाल सदरेवाले अनुयायी बंदुका घेऊन सभा उधळत फिरत होते. डिलेनींचा हिशेब असा, की उत्तरेचं सैन्य आज ना उद्या जाणार, मग आपल्याला याच गोऱ्यांबरोबर राहायचंय, आणि हॅम्प्टन हक्क राखण्याचा शब्द देतायत, तर आत्ताच बोलणी केलेली बरी.

ऑक्टोबरात चार्ल्स्टनजवळ केनहॉय इथे ते हॅम्प्टनच्या बाजूने बोलायला उभे राहिले तेव्हा कृष्णवर्णीय श्रोत्यांनीच त्यांना खाली उतरवलं. नंतर गोळीबार झाला, माणसं मेली, डिलेनी बचावले. हॅम्प्टन राज्यपाल झाले, डिलेनींना न्यायाधीशपद परत मिळालं आणि काही काळात पुन्हा गेलं. सैन्य १८७७ मध्ये खरंच परत गेलं. त्या बाबतीत त्यांचा अंदाज बरोबर ठरला. शब्दावर विश्वास टाकला, तिथे ते फसले: काही वर्षांत कृष्णवर्णीयांच्या मतदानाची वाट एकेक करून बंद करण्यात आली. हा निव्वळ स्वार्थ होता, असं मला वाटत नाही. कोणाच्या उपकाराखाली राहायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा. रिपब्लिकन पक्षाच्या उपकाराखालीही ते राहीनात. मात्र केनहॉयचे श्रोते त्यांच्यापेक्षा जास्त ओळखून होते, हेही म्हणायला हवं.

लायबेरियाला जहाज पाठवलं, तेही त्यांनीच का?

एकट्याने नाही. हॅम्प्टनच्या राज्यात भवितव्य नाही असं वाटलेल्या लोकांनी चार्ल्स्टनमध्ये भागभांडवल जमवून ‘अझोर’ नावाचं जहाज घेतलं. डिलेनी त्या कंपनीच्या कारभारात होते. २१ एप्रिल १८७८ ला २०६ प्रवासी घेऊन ते सुटलं. पाणी आणि औषधं पुरली नाहीत, वाटेत २३ जण दगावले. कंपनी कर्जात बुडाली आणि जहाजही हातचं गेलं.

घरच्यांबद्दल काही माहिती आहे का?

१८४३ मध्ये कॅथरीन रिचर्ड्स यांच्याशी लग्न झालं. अकरा मुलं, त्यांतली सात जगली. नावं बघा: टूसाँ लूव्हेर्तूर (हैतीच्या क्रांतीचा सेनानी), चार्ल्स लेनॉक्स रेमंड, अलेक्झांडर द्यूमा, सेंट सिप्रियन, फॉस्टीन सूलूक (हैतीचा सम्राट), रामेसिस प्लासिडो, आणि मुलीचं नाव इथिओपिया. घरात हाक मारली तरी इतिहासाचा धडा व्हावा.

नवरा वर्षानुवर्षं फिरतीवर, कमाईचा भरवसा नाही. कॅथरीनबाईंनी शिवणकाम करून मुलं वाढवली. म्हणजे आईने आणि बायकोने, दोघींनी सुईदोऱ्यावर डिलेनींचं घर तोलून धरलं. त्यांच्या भाषणांत याचा उल्लेख फारसा येत नाही. २४ जानेवारी १८८५ रोजी ओहायोत क्षयाने डिलेनींचा मृत्यू झाला. सीडरव्हिलजवळच्या दफनभूमीत त्यांची नीट समाधी बांधली गेली ती २००६ मध्ये.

महाराष्ट्राशी काही दुवा?

थेट नाही, पण काळाचा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. त्याच सुमारास डिलेनी साउथ कॅरोलायनात, मुक्तीनंतर जमीन आणि सत्ता कोणाच्या हाती, या भांडणात अडकले होते. अर्पणपत्रिकेतल्या अमेरिकेचा हा पुढचा अंक. आणि आपलं गाऱ्हाणं आपल्याच पत्रात छापायचं, हा ‘मिस्टरी’मागचा विचार १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांना कोणी वेगळा समजावून सांगायची गरज पडली नसती.

त्यांचं पहिलं चरित्र कोणी लिहिलं? त्यावर विसंबावं का?

फ्रान्सेस रोलिन या चार्ल्स्टनच्या तरुण कृष्णवर्णीय शिक्षिकेने. जहाजावर गोरी नसल्यामुळे तिला पहिल्या वर्गात बसू दिलं नाही, तेव्हा ती तक्रार घेऊन ब्युरोत मेजरसाहेबांकडे गेली, आणि ओळख झाली ती तिथून. चरित्र १८६८ मध्ये बॉस्टनला छापलं. बाईचं नाव घातलं तर कोणी गंभीरपणे घेणार नाही म्हणून मुखपृष्ठावर ‘फ्रँक ए. रोलिन’ असं पुरुषी नाव.

मजकूर बराचसा डिलेनींनी स्वतः सांगितलेला आहे, त्यामुळे आफ्रिकी राजघराण्यातल्या आजोबांच्या गोष्टी जपून घ्याव्यात. लिंकनच्या भेटीचं सगळ्यांना माहीत असलेलं वर्णनही त्यातलंच, म्हणजे एका बाजूचं. आणि पुस्तक १८६८ ला थांबतं. निवडणुका, खटला, केनहॉय, अझोर, हे सगळं त्यानंतरचं. तेवढंच वाचून डिलेनींबद्दल मत बनवलं, तर ते फारच सोयीचं होईल.